पुण्यात इतिहास शिकून माध्यमिक शिक्षक व्हायचंय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की मुलं आणि त्यांचे पालक मला हेच प्रश्न विचारतात. मी पुण्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत इतिहास-राज्यशास्त्र शिकवते. इथली उत्तरं त्या अनुभवातून आणि सध्याच्या नियमांवरून दिली आहेत. भरती आणि प्रवेशाचे नियम बदलत राहतात, त्यामुळे अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. मित्राने वाचली म्हणून आपलं वाचून झालं असं समजू नका.

माध्यमिक शाळेत इतिहास शिकवायचा तर क्रम काय?

बारावी, मग इतिहास घेऊन बी.ए., मग दोन वर्षांचं बी.एड. त्यानंतर राज्याच्या भरतीसाठी लागणाऱ्या परीक्षा आणि पवित्र पोर्टलवर, म्हणजे शिक्षक भरतीच्या सरकारी संकेतस्थळावर, नोंदणी. सहावी ते आठवीला शिकवायचं असेल तर टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, दुसरा पेपर किंवा केंद्राची तशीच परीक्षा, सीटीईटी, उत्तीर्ण असावी लागते. अकरावी-बारावीला शिकवायचं तर इतिहासात एम.ए. आणि बी.एड. दोन्ही लागतं.

बी.एड. करून पहिली ते पाचवीला शिकवता येईल का, असं बरेच जण विचारतात. नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. त्या वर्गांसाठी डी.एल.एड. लागतं, पूर्वी त्याला डी.एड. म्हणत.

बारावी सायन्सला होते. चालेल का?

चालेल. कला शाखेच्या पदवीला बारावी कोणत्याही शाखेची चालते. सायन्सकडून आलेल्या मुलांचा एक फायदा मी पाहिला आहे. पुराव्याशिवाय विधान करायचं नाही, ही सवय त्यांना आधीच लागलेली असते.

इतिहासासोबत दुसरा विषय कोणता घ्यावा?

ह्या प्रश्नाकडे बारावीनंतर कोणी नीट लक्ष देत नाही, आणि पाच वर्षांनी अर्ज भरताना नेमकं इथेच अडतं.

पुण्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवं शैक्षणिक धोरण लागू झालं आहे. त्यानुसार एक मुख्य विषय, म्हणजे मेजर, आणि एक दुय्यम, म्हणजे मायनर, निवडावा लागतो. मेजर इतिहास घेतलात तर मायनर भूगोल किंवा राज्यशास्त्र घ्या. शाळेत इतिहास एकटा कधीच येत नाही. दहावीच्या सामाजिक शास्त्रांत इतिहास व राज्यशास्त्र ४० गुणांचा, भूगोल ४० गुणांचा आणि उरलेले २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. लहान शाळेत हे सगळं एकाच बाईंकडे किंवा सरांकडे असतं.

केंद्रीय विद्यालयांचा नियम तर याहून काटेकोर आहे. तिथे सामाजिक शास्त्राचा शिक्षक व्हायचं तर पदवीला इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र यांपैकी दोन विषय लागतात, आणि त्यातला एक इतिहास किंवा भूगोल असावाच लागतो. पुण्यात गणेशखिंड आणि सदर्न कमांडसारखी केंद्रीय विद्यालयं आहेत, आणि बदलीच्या नोकरीची तयारी असेल तर देशभर आहेत. बी.ए.ला इतिहासासोबत यांतलं काहीच नसेल तर हा दरवाजा बंद होतो. पवित्र पोर्टलवरही पदाची जाहिरात विषय आणि माध्यम सांगूनच येते.

माझं मत विचाराल तर भूगोल घ्या. राज्यशास्त्र पुढे वाचून भरून काढता येतं. नकाशा वाचण्याची सवय मात्र वेळेवर लागली नाही की राहून जाते, आणि नकाशाशिवाय शिकवलेलं पानिपत मुलांच्या लक्षात राहत नाही.

तीन वर्षांची पदवी घ्यावी की चार?

तीन वर्षांनंतर बी.एड. दोन वर्षांचं, म्हणजे एकूण पाच. चार वर्षांची ऑनर्स पदवी घेणाऱ्यांसाठी एका वर्षाचं बी.एड. असावं, अशी तरतूद २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आहे. मात्र आपण ज्या वर्षी बी.एड.ला जाणार त्या वर्षी ते आपल्याला हव्या त्या महाविद्यालयात मिळतंय का, हे पाहूनच ठरवा. धोरणात आहे म्हणून शेजारच्या महाविद्यालयात आहे असं होत नाही.

बारावीनंतर थेट चार वर्षांचा एकात्मिक शिक्षक शिक्षण कार्यक्रमही आहे, त्याचा प्रवेश एनसीईटी या राष्ट्रीय परीक्षेतून होतो. सतराव्या वर्षी शिक्षकच व्हायचं हे पक्कं असेल तर तो विचार करण्यासारखा आहे. पक्कं नसेल तर आधी इतिहास शिका.

पुण्यात कोणतं कॉलेज चांगलं?

नावांची यादी देणं सोपं आहे. फर्ग्युसन १८८५ चं, स. प. महाविद्यालय १९१६ चं, दोन्हीकडे इतिहासाची जुनी परंपरा आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा इतिहास विभाग गणेशखिंडीत आहे, पण तो तुमच्या कामाला येतो एम.ए.च्या वेळी.

पण नावापेक्षा तीन गोष्टी स्वतः जाऊन पाहा. इतिहासाचे पूर्णवेळ प्राध्यापक किती आहेत आणि किती तास तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधन घेणाऱ्यांकडून, चालतात? ग्रंथालयात विद्यार्थ्याला कपाटापर्यंत जाऊ देतात का, की चिठ्ठी लिहून खिडकीपाशी उभं राहावं लागतं? आणि गेल्या वर्षी विभागाने मुलांना कुठे नेलं होतं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जिथे चटकन आणि उत्साहाने मिळेल, तो विभाग जिवंत आहे असं समजा.

शाळेत इतिहास म्हणजे सनावळ्या. विद्यापीठात वेगळं काय शिकवतात?

"कशावरून?" हा प्रश्न विचारायला शिकवतात. बाकी सगळं त्याच्या आधाराने येतं.

एक उदाहरण घेऊ, कारण ते प्रत्येक मराठी घराला माहीत आहे. शिवाजी महाराजांची जन्मतिथी. पूर्वी बखरींच्या आधारे वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे १६२७ हे वर्ष मानलं जाई. मग जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची घटनांची तिथीवार नोंद, उजेडात आली. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ मध्ये प्रसिद्ध केली, आणि तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी नोंद होती, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. त्यावर अभ्यासकांनी अनेक वर्षं वाद घातला, दुसरी साधनं तपासली, आणि पुढे राज्य शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली.

शाळेत ही एका ओळीत संपणारी माहिती आहे. विद्यापीठात तिथून प्रश्न सुरू होतात. बखर घटनेनंतर किती काळाने लिहिली गेली? कोणासाठी लिहिली? शकावलीतल्या इतर नोंदी दुसऱ्या कागदांशी जुळतात का? तिथी आणि वार यांचा मेळ बसतो का? शक आणि इसवी सन एकमेकांत कसे बदलायचे? ज्याने हे एकदा स्वतः करून पाहिलं आहे, तो वर्गात तारीख सांगताना वेगळ्या आवाजात सांगतो. मुलांना तो फरक कळतो, कळत नाही असं समजू नका.

आणि हे आता फक्त विद्यापीठापुरतं राहिलेलं नाही. सध्याच्या दहावीच्या इतिहासाची सुरुवातच इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य आणि भारतीय परंपरेपासून होते. पुढे उपयोजित इतिहास, प्रसारमाध्यमं, खेळ, पर्यटन, वारशाचं जतन असे पाठ आहेत. ज्यांनी पदवीला इतिहासलेखनशास्त्राचा पेपर गाइडमधून उरकला, त्यांना हे पाठ शिकवताना घाम फुटतो. मग ते ‘संकल्पनाचित्र पूर्ण करा’ आणि ‘टीपा लिहा’ एवढ्यावर भागवतात आणि पंधरा वर्षांच्या मुलांना वाटतं की इतिहास कंटाळवाणा आहे. मला ह्याचं मनापासून वाईट वाटतं.

पुण्यात राहून इतिहास शिकण्याचा खरंच काही फायदा आहे, की ते नुसतं सांगायला?

आहे, पण तो आपोआप मिळत नाही. पुण्यात तीन वर्षं राहून नवी पेठेतली अभ्यासिका, मेस आणि खोली एवढंच पाहून परत जाणारी मुलंही खूप आहेत.

विद्यापीठापासूनच सुरू करू. मुख्य इमारत म्हणजे मुंबईच्या गव्हर्नराचा गणेशखिंडीतला पावसाळी मुक्कामाचा बंगला. २२ जून १८९७ च्या रात्री राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ इथेच होता. तो आटोपून परतताना प्लेग अधिकारी रँडवर चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळी झाडली. त्याच्याही आधी, ५ नोव्हेंबर १८१७ ला, पेशवे आणि इंग्रज यांची खडकीची लढाई ह्याच परिसराच्या माळावर झाली, आणि बारा दिवसांनी शनिवारवाड्यावर इंग्रजांचा झेंडा लागला. एका बसच्या मार्गावर ८० वर्षांचा इतिहास आहे. आठवी शिकवणाऱ्याने तो चालत पाहिलेला असावा.

सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाडे आणि सरदार मेहेंदळे यांनी ते १९१० मध्ये स्थापन केलं. पदवीच्या मुलांना तिथे जायला उगाच संकोच वाटतो. जा. पहिल्या वर्षी काही कळलं नाही तरी चालेल, मूळ कागद म्हणजे काय ते तरी डोळ्यांनी दिसेल. कौन्सिल हॉलजवळचं पुणे पुराभिलेखागार, म्हणजे जुनं पेशवे दफ्तर, तिथे मोडीतली कोट्यवधी कागदपत्रं आहेत. रियासतकार सरदेसाईंनी त्यातले निवडक कागद १९३० ते १९३४ ह्या काळात ४५ खंडांत छापले. ते खंड ग्रंथालयात देवनागरीत वाचायला मिळतात. एक खंड काढा आणि फक्त दहा पत्रं वाचा. पैसे थकल्याची तक्रार, पावसाने रस्ता अडल्याची बातमी, कोणाच्या तरी घरचं लग्न. पाठ्यपुस्तकात ज्यांची नुसती नावं असतात ती माणसं तिथे बोलताना ऐकू येतात.

डेक्कन कॉलेजचं पुरातत्त्व संग्रहालय सहावीच्या प्राचीन भारतासाठी अमोल आहे. शिरूर तालुक्यातल्या इनामगावचं उत्खनन त्यांनीच केलं, आणि ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचं गाव कसं होतं हे त्यातून समजलं. शहराच्या मधोमध जंगली महाराज रस्त्यावर पाताळेश्वराची लेणी आहे, तासाभराच्या अंतरावर कार्ले-भाजे, थोडं पुढे जुन्नर आणि नाणेघाट. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यातले शिवनेरी, लोहगड आणि राजगड पुणे जिल्ह्यातले आहेत. "मग सिंहगड का नाही?" असं वर्गातलं एखादं मूल विचारेलच. त्या एका प्रश्नावर एक पूर्ण तास घेता येतो. वारसा म्हणजे काय, तो कोण ठरवतं, कशाच्या आधारावर ठरवतं.

किल्ला आणि वाडा एवढ्यावर मात्र थांबू नका. भिडे वाड्यातली १८४८ ची मुलींची शाळा, १८७० ची सार्वजनिक सभा, येरवड्याच्या तुरुंगात सप्टेंबर १९३२ मध्ये झालेला पुणे करार, १९४२ ते १९४४ मधला गांधीजींचा आगाखान पॅलेसमधला बंदिवास. मुलींना शिकवायचं की नाही, मताचा अधिकार कोणाला द्यायचा, प्रतिनिधी कोण निवडणार, हे वाद ह्याच शहरात झाले. सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकाला शनिवारवाड्याइतकीच ही ठिकाणं पाठ असायला हवीत.

मोडी शिकलीच पाहिजे का?

शाळेत शिकवण्यासाठी गरज नाही. पण पुराभिलेख खात्यातर्फे मोडीचे वर्ग होतात, मंडळातही होत आले आहेत, आणि चिकाटी असेल तर छापील मोडी काही आठवड्यांत वाचता येते. वर्गात फळ्यावर मुलांची नावं मोडीत लिहून दाखवली की पुढचा अर्धा तास तुम्हाला कोणालाही गप्प करावं लागत नाही.

मराठीतून शिकावं की इंग्रजीतून?

ज्या माध्यमाच्या शाळेत शिकवायचं आहे त्या माध्यमाचा विचार करा, कारण भरतीत माध्यम पाहिलं जातं. पेपर मराठीत लिहा, वाचन दोन्हीतून करा. मराठ्यांच्या इतिहासाची साधनं मराठीत आहेत, जगाच्या इतिहासावरचं बरंच लेखन इंग्रजीत आहे. इंग्रजीची भीती वाटत असेल तर दर आठवड्याला एक लेख शब्दकोश घेऊन वाचा. तिसऱ्या वर्षापर्यंत भीती जाते.

बी.एड.ला प्रवेश कसा मिळतो?

राज्याच्या सीईटी कक्षाची बी.एड. सीईटी द्यावी लागते. १०० प्रश्न, ९० मिनिटं. बुद्धिमापन ४०, सामान्य ज्ञान ३० आणि शिक्षक अभियोग्यता ३०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. इंग्रजी माध्यमासाठी इंग्रजीची वेगळी चाचणी असते. पदवीला खुल्या प्रवर्गाला किमान ५० टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना सवलत आहे. नंतर कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करायचा, आणि त्यासाठी उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला आधीच काढून ठेवायचा. दाखला वेळेत न मिळाल्याने दरवर्षी कितीतरी मुलांचे पैसे अडकतात.

पुण्यात टिळक रस्त्यावरचं टिळक शिक्षण महाविद्यालय आणि कर्वे रस्त्यावरचं एसएनडीटीचं महाविद्यालय ही जुनी नावं आहेत, त्याशिवायही बरीच आहेत. "हजेरीची काळजी करू नका, परीक्षेलाच या" असं कोणी सांगितलं तर तिथून उठा. पुढे वर्गात उभं तुम्हाला राहायचं आहे.

बी.एड.मध्ये नेमकं काय करावं लागतं? नुसत्या फायली रंगवायच्या असतात असं ऐकलंय.

फायली असतात. पण दोन गोष्टी अशा आहेत की त्या मन लावून केल्या तर आयुष्यभर पुरतात.

पहिली सूक्ष्म अध्यापन. पाच-सात मिनिटांत एकच कौशल्य: प्रश्न विचारणं, फलक लेखन, उदाहरण देणं. सुरुवातीला हे नाटकी वाटतं. इतिहासाच्या छात्राध्यापकाने प्रश्न विचारण्याच्या कौशल्यावर सगळ्यांत जास्त वेळ घालवावा. "पानिपतची लढाई कधी झाली?" ह्या प्रश्नाला एक हात वर होतो. "लाखभर माणसं आणि जनावरं उत्तरेत महिनोन्‌महिने राहिली, तर धान्य कुठून आलं असेल?" ह्याला दहा हात वर होतात, आणि त्यातलं एखादं उत्तर तुम्हालाही सुचलेलं नसतं. १४ जानेवारी १७६१ मग आपोआप लक्षात राहतं.

दुसरी आंतरवासिता. दोन वर्षांत किमान २० आठवडे शाळेत, त्यातले मोठे १६ आठवडे दुसऱ्या वर्षी. शाळा निवडायची मुभा मिळाली तर सोयीची, घराजवळची, नावाजलेली शाळा टाळा. महापालिकेची किंवा वस्तीजवळची शाळा घ्या. तिथे घरी पुस्तक नसलेली, संध्याकाळी काम करणारी, तीन राज्यांतून आलेली मुलं एका बाकावर बसतात. बिहारहून आलेल्या मुलाला अशोकाबद्दल विचारा, कर्नाटकातून आलेल्या मुलीला हंपीबद्दल. इतिहासाचा वर्ग अशाच ठिकाणी सगळ्यांचा होतो.

पाठ टाचण नेटवरून उतरवू नका. निदान दहा पाठांची टाचणं स्वतःची लिहा, आणि पाठ झाल्यावर त्याच कागदाच्या मागे काय फसलं ते लिहून ठेवा. नोकरीच्या पहिल्या वर्षी हे कागद कोणत्याही गाइडपेक्षा उपयोगी पडतात.

टीईटी, टेट आणि पवित्र यांत खूप गोंधळ होतो.

टीईटी ही पात्रता परीक्षा. ती महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. दुसरा पेपर सहावी ते आठवीसाठी, १५० गुणांचा, त्यात सामाजिक शास्त्रांना ६० गुण. खुल्या प्रवर्गाला ६० टक्के लागतात. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं.

टेट, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, ही भरतीसाठी. २०० प्रश्न, दोन तास. यात पास-नापास नसतं, मिळालेल्या गुणांवर क्रमवारी लागते. ती दरवर्षी होईलच असं धरून चालू नका. २०१७, मग २०२३, मग २०२५ अशी ती झाली आहे.

पवित्र हे पोर्टल. टेटच्या गुणांवर तिथे संस्था आणि पदांचे प्राधान्यक्रम भरायचे. खासगी अनुदानित संस्थांसाठी मुलाखतीसह आणि मुलाखतीशिवाय असे दोन प्रकार असतात.

नववी-दहावीला टीईटी लागत नाही, म्हणून बरेच जण ती देत नाहीत. माझं ऐका आणि द्या. बहुतेक हायस्कुलांत पाचवीपासून वर्ग असतात आणि एकाच शिक्षकाकडे सातवी आणि दहावी दोन्ही येतात. शिवाय १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या जुन्या शिक्षकांनाही, निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त अवधी असेल तर, दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावं लागणार आहे. बी.एड. चालू असतानाच ती देऊन मोकळं झालेलं बरं.

खरं सांगा, नोकरी मिळते का?

मिळते, पण कधी मिळेल ते सांगता येत नाही. अनुदानित शाळेतली पदं संचमान्यतेवर, म्हणजे पटसंख्येवर ठरतात. मराठी माध्यमाच्या शाळांचा पट शहरात घसरतो आहे, आणि इतिहासाला आठवड्याला तासिकाही गणित-विज्ञानापेक्षा कमी. त्यामुळे बी.एड. झाल्यावर भरतीची वाट पाहण्यात वर्षं जाऊ शकतात. ह्या काळात बहुतेक जण स्वयंअर्थसहाय्यित किंवा सीबीएसई शाळेत लागतात, काही तासिका तत्त्वावर. घरी हे आधीच बोलून ठेवा.

आणि ‘डोनेशन’बद्दल. कायम करतो, मान्यता आणून देतो, असं सांगून पैसे मागणारे लोक आजही भेटतात. अनुदानित पदांची भरती पवित्रमधून होते. पैसे देऊन मिळालेल्या जागेला मान्यता मिळाली नाही तर तुम्ही कुठे तक्रार करणार? आईचे दागिने मोडून असे पैसे भरलेले आणि पुढे अनेक वर्षं बिनपगारी काम केलेले शिक्षक मी पाहिले आहेत. हे करू नका. कोणी नातेवाईक मध्यस्थ असला तरी करू नका.

पगार किती?

अनुदानित माध्यमिक शाळेत पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून. त्याचं मानधन जानेवारी २०२३ पासून महिन्याला १८,००० रुपये आहे. त्यानंतर नियमित वेतनश्रेणी, आणि ती चांगली आहे. खासगी विनाअनुदानित शाळांत शाळेगणिक फरक पडतो, रुजू होण्याआधी लेखी नेमणूकपत्र मागा.

सोबत एमपीएससीची तयारी करावी का?

इतिहास आणि राज्यव्यवस्था दोन्हीकडे आहे, त्यामुळे अभ्यास वाया जात नाही. अडचण वेगळी आहे. स्पर्धा परीक्षेसाठी इतिहास वाचण्याची एक सवय लागते: सन, ठिकाण, अध्यक्ष कोण, पर्याय क. ती सवय घेऊन वर्गात आलेला शिक्षक मुलांनाही तसंच वाचायला लावतो. दोन्ही करायचं असेल तर वर्ष ठरवून घ्या: ह्या वर्षापर्यंत प्रयत्न, त्यानंतर पूर्ण लक्ष शिकवण्याकडे. "काहीच नाही जमलं तर बी.एड. आहेच" असं म्हणत आलेला माणूस मुलांना पहिल्या आठवड्यातच ओळखू येतो.

एम.ए. करणं गरजेचं आहे का?

नववी-दहावीसाठी नाही. तरी करा, जमेल तेव्हा. कनिष्ठ महाविद्यालयाचा मार्ग खुला होतो, आणि ५५ टक्के मिळवून पुढे सेट किंवा नेट ही प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा झाली तर वरिष्ठ महाविद्यालयाचाही. सेट परीक्षा आपलं पुणे विद्यापीठच घेतं.

वर्गात वादाचे विषय निघाले तर काय करायचं? मला ह्याचीच भीती वाटते.

निघतातच. महापुरुष, जात, धर्म, फाळणी. मुलांच्या हातात मोबाइल आहे, ती रोज काहीतरी पाहून येतात आणि "बाई, हे खरं आहे का?" असं विचारतात. हा प्रश्न विचारला जातोय याचा आनंद माना.

मी तीन गोष्टी पाळते. आदराची भाषा सोडत नाही, कोणाचंही नाव घेताना. दुसरं, माझं मत सांगण्याआधी साधन दाखवते: हे कुठे लिहिलं आहे, कधीचं आहे, लिहिणारा कोण होता. मोबाइलवर आलेल्या मजकुरालाही तेच तीन प्रश्न लावायला सांगते. पाच मिनिटांत मुलांच्याच लक्षात येतं की त्या मजकुराला ना लेखक आहे ना तारीख. आणि तिसरं, जिथे अभ्यासकांत मतभेद आहेत तिथे ‘मतभेद आहेत’ असं स्पष्ट सांगते आणि दोन्ही बाजू कशावर उभ्या आहेत ते दाखवते. सातवीतल्या मुलालाही हे समजतं. घाईने मिळालेल्या खात्रीपेक्षा त्याला ते जास्त आवडतं.

तासाची टाचणवही नीट ठेवा आणि मुख्याध्यापकांना आधी कल्पना द्या. उद्या एखादे पालक विचारायला आले तर आपण काय शिकवलं ते कागदावर असलेलं बरं.

राज्यशास्त्र मुलांना फार रुक्ष वाटतं. काही उपाय?

ते कलमांपासून सुरू केलं तर रुक्ष वाटणारच. आपल्या प्रभागापासून सुरू करा. कचऱ्याची गाडी कोण पाठवतं, पाणी एक दिवसाआड का येतं, नगरसेवक नसताना निर्णय कोण घेतं? मग ७४ वी घटनादुरुस्ती आपणहून येते. वर्ग प्रतिनिधीची निवडणूक मतपत्रिका, मतदारयादी आणि आचारसंहितेसह घ्या. मतदानाचं वय २१ वरून १८ वर १९८९ मध्ये आलं, हे सांगायची वेळ त्या दिवशी येते.

माझं वय ३६ आहे, बँकेत नोकरी आहे. आता वळता येईल का?

बी.एड.ला वयाची आडकाठी नाही, सरकारी भरतीला वयोमर्यादा आहे. खासगी शाळांचा मार्ग मात्र खुला राहतो. मुक्त विद्यापीठाचं बी.एड. आधीपासून शिक्षक असणाऱ्यांसाठी आहे, म्हणजे तुम्हाला नियमित दोन वर्षं द्यावी लागतील. राजीनाम्याआधी शनिवारी-रविवारी एखाद्या वस्तीतल्या अभ्यासवर्गात सहा महिने शिकवून पाहा. तिसरा तास संपल्यावरही बोलावंसं वाटलं तर पुढे जा.

मी आत्ताच बारावी दिली आहे. निकालापर्यंत काय करू?

घरातल्या किंवा शेजारच्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. पुण्यातले असतील तर १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा ते कुठे होते ते विचारा. पाणी कुठपर्यंत आलं, घरातलं काय वाचलं, नंतर राहायला कुठे गेले. परवानगी घेऊन आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा, नंतर शब्दशः लिहून काढा. मग ग्रंथालयात जाऊन त्या दिवसांची वर्तमानपत्रं काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचा. कुठे जुळतं, कुठे नाही, न जुळण्याचं कारण काय असेल, ते दोन पानांत लिहा. गावाकडचे असाल तर १९७२ च्या दुष्काळाबद्दल विचारा, रोजगार हमीच्या कामांवर गेलेली माणसं अजून आहेत. ती दोन पानं लिहिताना रात्र कधी झाली ते कळलं नाही, तर इतिहासाच्या अर्जावर सही करा. कंटाळा आला तर भूगोल आहे, राज्यशास्त्र आहे, मराठी आहे. शाळेत त्यांचेही शिक्षक लागतात.